अमृतरावांचा अकरावा नियम

स्वरानं मला दोन पानं लिहायला सांगितली आहेत. खेळाची चौथी आवृत्ती निघते आहे, आणि हा खेळ कोणी तयार केला ते नव्या खेळणाऱ्यांना कळावं म्हणून पुस्तकाच्या सुरुवातीला ती दोन पानं द्यायची आहेत. मी म्हटलं, तुझी आई लिहील, ती शाळेत शिकवते. स्वरा म्हणाली, "आई दर रविवारी उशिरा यायची. अमृतराव आजोबांच्या शेजारी तर तुमीच बसायचे."

ते खरं आहे. पण शेजारी बसणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. मी आदिलाबादच्या डाकघरात चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले. स्वतः लिहिलेली पत्रं मोजली तर दहाही भरणार नाहीत. यात काही चुकलं तर स्वरानं ते काढून टाकावं.

अमृतराव तहसील कचेरीत दप्तर सांभाळायचे. उंच, मानेतून थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात एक निळं आणि एक लाल पेन. त्यांचे वडील निजामाच्या काळात उर्दूत शेतांची पहाणी लिहायचे, त्यामुळे घरात मिसल, मुदत, उजर हे शब्द मीठ-मिरचीसारखे चालत. मिसल म्हणजे कागदांची फाइल, उजर म्हणजे हरकत. कचेरीतला एक नियम त्यांनी जन्मभर पाळला. लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एक सरळ रेघ मारायची, खाली दस्तखत करायचं, तारीख टाकायची. घरातल्या कॅलेंडरवर पाहुण्यांची तारीख बदलली तरी ते रेघ मारून सही करत. वनमालावहिनी, त्यांच्या पत्नी, एकदा आमच्यासमोर म्हणाल्या होत्या, "माह्या कपाळावर बी एक सही करून ठेवा. नाहीतर म्हणान, ही कोणाची नोंद हाय." अमृतराव हसले नाहीत. त्यांनी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तारीख आठवत नाही."

ते रिटायर झाले त्या वर्षी दिवाळीत त्यांचा मुलगा राघवेंद्र हैदराबादहून एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो एक खेळ खेळायचा, त्याच्या नियमांचं ते पुस्तक होतं. जाताना ते इथंच राहिलं. अमृतरावांनी अख्खा हिवाळा डिक्शनरी जवळ ठेवून ते वाचलं. मग एक दिवस डाकघरात आले आणि मला म्हणाले, "नरसिंगराव, खेळ लय चांगला आहे. पण यांच्या जंगलात मोहाचं एक झाड नाही. यांना नदी ओलांडायची तर पूल लागतो."

मग त्यांनी स्वतःचं पुस्तक लिहायला घेतलं. नाव ठेवलं सात गावांचा खेळ. नोकरीत ते तीन वर्षं बेज्जूरला होते, तिथल्या प्राणहितेच्या काठावर त्यांनी मनानं सात गावं वसवली आणि त्यांचा नकाशा काढला. खेळ असा की एक जण वाटाड्या होतो आणि गोष्ट सांगत जातो. बाकीच्या प्रत्येकाचा एक गडी असतो. वाटाड्या विचारतो, आता तुझा गडी काय करतो? खेळणारा सांगतो. ते जमलं की नाही ते ताटात टाकलेल्या पाच कवड्या ठरवतात. जिंकणं-हरणं नाही. गोष्ट पुढं चालत राहते, दर रविवारी दोन ते पाच, अमृतरावांच्या समोरच्या खोलीत.

आम्ही चौघं खेळायचो. बँकेतला वैभव, स्वराची आई सुनयना, मोतीराम आणि मी. मी फार बोलत नसे. माझा गडी एक बैलगाडी हाकणारा होता. बैलांशी बोललं तरी चालतं म्हणून मी तो घेतला होता.

पहिली आवृत्ती हातानं लिहिलेली होती, खाली कार्बन ठेवून. तीत दहा नियम होते. अकरावा आला तो वैभवमुळं. एका रविवारी सुनयना लग्नाला नार्नूरला गेली होती. तिच्या गड्याजवळ एक शेळी होती. वैभवच्या गड्यानं ती बाजारात विकून टाकली. पुढच्या रविवारी सुनयनाला कळलं.

"माझी शेळी कुठं आहे?"

"मॅडम, ती आजारी होती," वैभव म्हणाला.

"कोणी सांगितलं आजारी होती?"

"चेहऱ्यावरून वाटत होती."

मोतीराम हसता हसता खोकायला लागला. पण सुनयना हसली नाही. तीन रविवार ती आली नाही. मग अमृतरावांनी दुसरी आवृत्ती काढली, झेरॉक्सची, आणि तीत अकरावा नियम घातला: जो खेळणारा बैठकीला हजर नाही, त्याचा गडी जिथं असेल तिथंच थांबेल. त्याला कोणीही हलवू नये.

आम्हा सगळ्यांना तो नियम चांगला वाटला. अजूनही वाईट वाटत नाही. वाईट नंतर झालं.

मोतीरामविषयी सांगितलं पाहिजे. तो तीस वर्षं बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीत होता. तिथून सुटल्यावर बायकोच्या माहेरगावी, म्हणजे आदिलाबादेत, राहायला आला. त्याच्या गड्याचं नाव लखू. लखू सातही गावांत घोंगड्या विकत हिंडायचा आणि पाण्याला फार भ्यायचा. जमिनीखाली तीस वर्षं उतरलेला माणूस खेळात पाण्याला का भ्यायचा, हे मी त्याला कधी विचारलं नाही. ओढा आला की मोतीराम खरंच पाय वर घेऊन बसायचा. कवड्या टाकण्याआधी मुठीत फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "लखू, डोये मीट."

त्याची बायको जयवंताबाई. बाईंनी मला एकदा सांगितलं होतं की खाणीतून आल्यावर हा माणूस हातपाय धुवायचा, जेवायचा आणि झोपायचा. तीस वर्षं घरात बोलणं म्हणजे मीठ कमी आहे की जास्त आहे, एवढंच. खेळ सुरू झाल्यापासून मात्र तो रविवारी जेवताना बोलू लागला. लखूचं आज काय झालं, कोणत्या गावात कोणी घोंगडी उधार मागितली, कोणत्या म्हातारीनं भाकर दिली. बाई आमच्या खेळाला कधी आल्या नाहीत, पण लखू कोणत्या दिवशी कुठं होता ते त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत असायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही प्राणहितेच्या काठावर पोचलो. बाकीच्यांचे गडी पलीकडे गेले. लखू शेवटी डोंग्यात बसला. नदीच्या मधोमध असताना पाच वाजले आणि अमृतरावांनी वही मिटली. वेळ झाली की ते थांबायचे, एक वाक्यही पुढं नाही. मोतीरामनं त्या दिवशी घरी सांगितलं, "आता नदीच्या मधात आहो. पुढचं आइतवारी सांगतो."

गुरुवारी सकाळी अंघोळीला जाताना तो दारातच बसला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तेरावा झाल्यावर जयवंताबाई अमृतरावांकडे आल्या. मी तिथंच होतो. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, दाराला हात लावून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, तो लखू कुठी हाय आता?"

अमृतरावांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "डोंग्यात आहे, वहिनी."

"अजून? नदीच्या मधात?"

"हो."

"मंग त्याले काठाले लावून द्या ना."

अमृतरावांनी पुस्तक उघडून अकरावा नियम वाचला. मग म्हणाले, "आता नाही लावता येत. नियम तसा नाही. पण मी नवी आवृत्ती काढतो. तीत बदलता येईल."

"किती दिवस लागतील?"

"मुदत द्यावी लागते. दसऱ्यापर्यंत होईल."

बाईंनी मान हलवली. कचेरीत माणसं मान हलवतात तशी.

तुम्ही म्हणाल, खेळच तो, एका वाक्यात लखूला पलीकडे नेता आलं असतं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. पण अमृतरावांच्या मनात नोंद एकट्यानं बदलणं हा गुन्हा होता. शेताची असो की लखूची. ज्यांचा हक्क आहे त्यांनी मागितलं पाहिजे, लेखी मागितलं पाहिजे. मगच रेघ मारायची.

त्यांनी भिंतीवर कागद लावला, अगदी कचेरीतला असतो तसा. तिसरी आवृत्ती काढण्याचे योजिले आहे. खेळणाऱ्यांना नव्या पुस्तकात काय हवे, काय नको, ते लेखी कळवावे. मुदतीत ज्या नियमाबद्दल उजर येणार नाही तो कायम समजण्यात येईल. खाली सही, तारीख. शेजारी स्टुलावर पेढ्यांचा रिकामा डबा, झाकणाला फट पाडलेली.

त्या दिवशी मी घरी निघालो तर जयवंताबाई फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "माहं नाव त्यात नाही, मी चिठ्ठी टाकू शकत नाही म्हणतात. तुमी लिहा ना, नरसिंगराव भाऊजी. एवढंच लिहा, लखूले काठाले लावा म्हणून."

मी हो म्हटलं.

घरी येऊन मी लिहिलंही. मोतीरामच्या लखूला काठाला लावावे. मग ते वाचलं. मला वाटलं, हे तर सगळेच लिहितील. त्यात माझी चिठ्ठी म्हणजे, बघा मला किती वाईट वाटतं, असं दाखवल्यासारखं होईल. आणि अमृतराव माझं अक्षर ओळखतात. खेळात चार वर्षांत चार वाक्यं न बोललेला माणूस नियम बदला म्हणतो, असं त्यांना वाटेल. मी तो कागद घडी करून पंचांगात ठेवला. दुसऱ्या कागदावर लिहिलं, अक्षर मोठे करावे, वाचायला त्रास होतो. तो डब्यात टाकला.

मुदत संपली तेव्हा आमच्यासमोर डबा उघडला. वैभवनं लिहिलं होतं, कोष्टकं कमी करा, आम्ही खेळतो की ऑडिट करतो तेच कळत नाही. सुनयनानं लिहिलं होतं, समोरच्या पानावर तेलुगू द्या, म्हणजे माझ्या शाळेतल्या मुली खेळतील. स्वरा तेव्हा नुकतीच यायला लागली होती. तिला बायकांचे गडी हवे होते आणि सगळं फोनवर हवं होतं. मग माझी चिठ्ठी. अमृतरावांनी प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचली. नंतर डबा उलटा करून हातावर ठोकला. आत काही नव्हतं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

वैभवनं कवड्या ताटात ओतल्या.

दसऱ्याच्या दुपारी तिसरी आवृत्ती आली. पंचवीस प्रती, झेंडूची दोन फुलं वर ठेवलेली. जयवंताबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांचा मुलगा रविकांत दुसऱ्या दिवशी त्यांना कायमचं चंद्रपूरला नेणार होता, सामान बांधून झालं होतं. त्यांच्या हातात पहिली प्रत दिली. बाई चौथी शिकलेल्या. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि पानं उलटू लागल्या. त्यांना आकडा माहीत होता. अकरा आलं तिथं त्या थांबल्या आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागल्या. एकेक शब्द सुटा करून.

"जो खेळणारा बैठकीला हजर नाही, त्याचा गडी जिथं असेल तिथंच थांबेल."

पुढचं वाक्यही त्यांनी वाचलं. पान मिटलं.

"अक्षर मोठं केलं, बरं केलं भाऊजी," त्या म्हणाल्या. "मले चष्म्याबिगर वाचता आलं."

प्रत खुर्चीवर ठेवून त्या गेल्यावर अमृतराव आत गेले आणि चिठ्ठ्यांची मिसल घेऊन आले. चारही चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधल्या होत्या. ती आमच्यासमोर ठेवून म्हणाले, "मी रोज सकाळी डबा हलवून पाहायचो. एक चिठ्ठी असती तरी पुरे होती. कोणाचाच उजर नाही, तर मला वाटलं, तुमाला तो नियम हवा आहे."

सुनयना रडायला लागली. म्हणाली, "तो नियम माझ्यासाठी केला होता तुम्ही. मी कसं म्हणू, काढा?" वैभव म्हणाला, "मी एकदा शेळी विकली होती. पुन्हा दुसऱ्याच्या गड्याला हात लावा म्हणालो असतो तर मॅडमनी मला घरात घेतलं नसतं."

मी त्या दिवशीही काही बोललो नाही. आठ दिवसांनी संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा सांगितलं. पंचांगातला कागद खिशातून काढून दाखवला. अमृतरावांनी तो दिव्याच्या खांबाखाली वाचला.

"लिहिलं होतं तुमी?"

"लिहिलं होतं. टाकलं नाही."

"मंग ते लिहिलं नाही," ते म्हणाले. कागद मला परत दिला. आम्ही बस स्टँडपर्यंत तसेच गेलो. तिथं ते थांबले. "मीच काऊन वाट पाहत बसलो चिठ्ठीची? मले कोणी अडवलं होतं? मीही त्याच्यासंगं खेळत होतोच की."

त्या आठवड्यात त्यांनी दुरुस्ती लिहिली आणि तिच्या पंचवीस पट्ट्या छापून आणल्या. प्रत्येक प्रतीत जुन्या नियमावर लाल पेनानं एक सरळ रेघ मारली, सही केली, तारीख टाकली आणि खाली खळीनं पट्टी चिकटवली. जो खेळणारा कायमचा गेला, त्याच्या गड्याला सर्वांनी मिळून सुखरूप जागी पोचवावे. यासाठी कवड्या टाकू नयेत. पोचल्याचे त्याच्या घरी जाऊन सांगावे. रविवारी आम्ही लखूला पलीकडे नेलं. पाच मिनिटं लागली. मोतीरामच्या जागेवर कोणी बसलं नव्हतं.

मग आम्ही दोघं बसनं चंद्रपूरला गेलो. अमृतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पुस्तक पिशवीत न ठेवता मांडीवर धरलं होतं. जयवंताबाई मुलाच्या घरी खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी आम्हाला पलंगावर बसायला सांगितलं. अमृतराव बसले नाहीत. उभे राहूनच त्यांनी वही उघडली आणि वाचलं.

"लखूचा डोंगा पलीकडच्या काठाला लागला. दिवस मावळायचा होता. घोंगड्या कोरड्या राहिल्या. गावातल्या लोकांनी त्याला उतरवून घेतलं आणि भाकर दिली."

बाईंचा हात मेथीच्या काडीवर थांबला होता. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "भेला व्हता का तो, पाण्यात?"

अमृतरावांनी वहीचं पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. "त्याची नोंद नाही, वहिनी," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली. तीच मान.

माझ्या तोंडून तेव्हा कसं निघालं ते मला माहीत नाही. मी म्हटलं, "भेला होता. लय भेला होता. त्या दिवशी मोतीराम दोन्ही पाय वर घेऊन बसला होता आणि माझा हात धरला होता. मला म्हणाला, नरसिंगराव, पलीकडे गेलो की जयवंतीला सांगीन, मी डोये उघडे ठेवले होते."

बाईंनी मेथीची काडी खाली ठेवली. बाई माझ्याकडे पाहत होत्या.

"हे तुमाले तवापासून मालूम होतं?"

"हो."

"मंग तवाच काऊन नाही बोलले?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. निघताना त्यांनी पुस्तक ठेवून घेतलं. पट्टीचा एक कोपरा सुटला होता, तो त्या अंगठ्यानं दाबत होत्या.

येताना बसमध्ये अमृतराव खिडकीकडे तोंड करून बसले. पैनगंगेचा पूल आला तेव्हा एवढंच म्हणाले, "पूल होता म्हणून बरं."

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात ते गेले. झोपेतच. आम्ही अकरावा नियम उघडून वाचला, पण तो त्यांना लागत नाही. ते वाटाड्या होते. त्यांचा गडी नव्हताच. कोणाला कुठं पोचवायचं आणि घरी जाऊन काय सांगायचं, हे आम्हाला कळलं नाही. वनमालावहिनींनी त्यांची दोन्ही पेनं खेळाच्या ताटात ठेवायला दिली.

आता स्वरा वाटाड्या आहे. उटनूर आणि नार्नूरकडची कॉलेजातली मुलं-मुली खेळतात, मोबाईलवर त्यांचा ग्रुप आहे. नव्या आवृत्तीत काय हवं ते सगळे तिथं लिहितात. कोणाला चित्रं हवीत, कोणाला घडीचा नकाशा, कोणाला गोंडी नावं, कोणाला वीसच पानांचं पुस्तक. एका मुलीनं लिहिलं आहे की एकट्यानं खेळता येईल असं काही द्या. मी ते वाचतो. त्यात मी काही लिहीत नाही.

परवा स्वरा आली तेव्हा म्हणाली, "आजोबा, तुमाला काय पाहिजे नव्या पुस्तकात? अक्षर मोठंच ठेवते, सरे? ठीक ना?"

मी तिला थांब म्हटलं. कागद घेतला आणि लिहिलं. आवृत्ती छापण्याआधी, ज्याची चिठ्ठी आली नाही किंवा ज्याच्या चिठ्ठीत फक्त अक्षराबद्दल लिहिलं आहे, त्याच्या घरी जाऊन तोंडी विचारावे. एकदा विचारून थांबू नये.

अक्षर वाकडं आलं होतं. पुन्हा लिहावं असं वाटलं, पण लिहिलं नाही. कागद तिच्या हातात दिला आणि ती वाचेपर्यंत तिथंच उभा राहिलो.